मर्यादा संपली

पाटो पुलाच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतून खाडी दिसते.
दिसते म्हणजे, एसीचा डबा सोडतो तेवढी.
सकाळपासून बत्तीस दावे हातावेगळे केले :
हर्निया, मोतीबिंदू, गुडघे. गुडघे फार.
सरकार हप्ता भरतं, कंपनी कागद मागते,
खाजगी इस्पितळ बिल पाठवतं,
आणि मी बघतो, आकडा आकड्यात बसतो का.

तेहेतिसावा : कायतान रिबेलो, रेंदेर, वय एकोणसाठ,
राहणार असोळणे. माडावरून पडला.
खुब्याचं हाड, दोन बरगड्या.
आठव्या दिवशी जखम चिघळली,
बाराव्या दिवशी मी लाल शाईनं लिहिलं –
मर्यादा संपली.
त्याच रात्री रुग्णवाहिकेनं त्याला
बांबोळीच्या सरकारी दारात उतरवलं.

त्याच्या मुलीला माझा नंबर कुणी दिला, देव जाणे.
‘सायबा, सोंपली म्हळ्यार कितें?
पाय तर अजून तसोच आसा.’
या प्रश्नाला आमच्याकडे रकाना नाही.

शनिवारी गेलो. मयड्याची चार केळी घेऊन,
पाहुण्यासारखा, चोरासारखा.
दोन खाटा, मध्ये गादी, गादीवर कायतान.
कुणाच्या तरी डब्यातल्या पेजेचा वास.
एक डॉक्टर मुलगी, झोप न झालेली,
फरशीवर गुडघे टेकून त्याची पट्टी बदलत होती.
कार्ड आहे का, तिनं विचारलं नाही.
तिला पुढच्या गादीकडे जायची घाई होती.

मी तिथंच उभ्या उभ्या
कदंबाच्या तिकिटामागे भागाकार मांडला :
माझ्या एका सहीनं तिकडे गेलेले पैसे,
भागिले एक खाट,
भागिले अशी एक मुलगी, वर्षाचा पगार.
बाकी उरत होती. बरीच उरत होती.
मोठ्यानं बोललोही असेन.

एस्पेरान्स, त्याची बायको,
केळ्याचं साल काढता काढता थांबली.
‘त्या राती हांगा ऑपरेशनाची कूड रिती नाशिल्ली.
थंय व्हेलो म्हणून उरलो.
तुमचो हिशोब तुमचेकडेन दवरात,
कार्ड मात काडूंक नाकात.’
मी तिकीट खिशात घातलं.

कायतानला हसू आलं, बरगडीनं ते अर्ध्यावर तोडलं.
मग म्हणाला, हळू, कोयती परजावी तसा :
एका माडावर दोन रेंदेर चढवले
म्हणून माड काही दुप्पट सूर देत नाही.
मी म्हटलं, पण एकाला ताप आला तर?
‘तर दुसरा चढेल की. चढू दे.
मात्र दामोणं माडाच्या धन्याचं.
त्यानंच खाली उभं राहून मोजावं,
कुणी किती उतरवलं.
तुमचा धनी
असतो कुठे सकाळी?’
मग बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहिला.
‘थंय टीव्ही आशिल्लो,’ म्हणाला.

येताना बसमध्ये जागा मिळाली नाही.
जुवारीकडून वारा येत होता, खारट.
धनी कोण, हे मला ठाऊक होतं :
कायतानच, एस्पेरान्सच, पेजेच्या डब्याची ती बाई,
मीठ-साबणावर कर भरणारे सगळे,
आणि त्यांच्या वतीनं खाली उभा राहून मोजायला
पगारी नेमलेला
मी.

सोमवारी कंपनीची शंका आली :
रिबेलो, रुग्ण बाहेर पडतानाची स्थिती कळवावी.
तीन चौकोन. बरा. मृत. इतरत्र.
पेन बराच वेळ हवेत होतं.
पंखा, पट्टी, फरशीवर टेकलेले गुडघे,
कितीही मर्यादा संपल्या तरी
रात्री उघडंच राहणारं ते दार,
यांना आमच्या फॉर्मवर एवढंच नाव आहे.
इतरत्र.
खूण केली.

पुढचा दावा : गुडघा.
डावा.