अतिशय मोठ्याने

ग्रिम्सबीच्या चौकशीच्या खोलीत
रेडिएटर मधूनच खोकतो.
पाण्याचा पेला मी डावीकडे सरकवते.
उजवीकडे सावेली, श्वेत समुद्राच्या काठचा,
बोटं मोजली तर साडेनऊ.
सकाळीच शपथ घेतली आहे मी:
ऐकेन तेच सांगेन, पदरचं काही घालणार नाही.

कॉरोनर बाई हलक्या आवाजात विचारतात,
विंचमध्ये दोर अडकला, तेव्हा रोदिओन ओरडला का?
सावेली म्हणतो, ओरडला.
कापत असल्यासारखा ओरडला.

एवढंच.
आमच्याकडे पोरं दाताच्या डॉक्टरकडेही असंच ओरडतात,
कोबीवाली गिऱ्हाइकावर ओरडते.
त्यात सुरी नसते.
होती कधीतरी, कुठल्याशा डिसेंबरात, डुकराच्या मानेशी.
मग सुरी गंजली, डुक्कर खाऊन झालं,
मागे राहिलं ते फक्त ओरडणं.

पण इथे टंकलेखिकेच्या बोटांखालून
‘कापत’ हा शब्द गेला
की सुरीला पुन्हा धार येणार.
कुणीतरी विचारणार, कोण कापत होतं?

इंग्रजीत हाताशीच आहे एक तयार:
निळा खून झाल्यासारखा ओरडला.
निळा का, ते त्यांनाही ठाऊक नाही.
पण खून तो खूनच,
आणि समोर विमा कंपनीचा वकील
पेन्सिलीला टोक काढून बसलेला.

वीस वर्षं झाली या धंद्यात.
दोन सेकंद मिळतात. कधी दीड.
दीड सेकंदात मी म्हणते:
तो अतिशय मोठ्याने ओरडला.

खोटं काहीच नाही त्यात.
टंकलेखिका टाइप करते. रेडिएटर खोकतो.
बेंबीच्या देठापासून निघालेला एक आवाज
तीन सभ्य शब्दांत
घडी घालून ठेवला जातो.

मग तुम्ही काय केलंत?
सावेली म्हणतो, कातडीतून बाहेर निघालो.

हेही रोजचंच. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं निघतात,
पाहुणे आले की माझी मावशी निघायची.
इंग्रज अशा वेळी पाठ मागे वाकवतात,
पण ती हॉटेलातल्या नम्र माणसाची पाठ,
डेकवर, बर्फाळ पाण्यात, तशी कोण वाकवेल?
म्हणून मी म्हणते:
मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न केला.

आणि तेवढ्यात माझी नजर त्याच्या तळव्यांवर जाते.
गुलाबी. नवे. लहान बाळाचे असावेत तसे.
जुनं कातडं दोराबरोबर गेलेलं.

मी हात वर करते.
दुभाष्याला एक खुलासा विचारायचा आहे, बाई.
परवानगी मिळते.
मी त्याला आमच्या भाषेत विचारते,
कातडीतून निघालो म्हणजे, कसं?
तो माझ्याकडे बघतो, मी परकी असल्यासारखा.
कसं म्हणजे? तसंच म्हणतात ना.
मग गप्प होतो.
मग टेबलावर हात उताणे ठेवतो
आणि स्वतःच वाचू लागतो ते,
पहिल्यांदा वाचावं तसे.

त्याचं भाषांतर मी केलं नाही.
कॉरोनर बाईंनी चष्मा काढला. वकिलाची पेन्सिल थांबली.
टंकलेखिकेने विचारलं, हे कसं लिहू?
कुणालाच सांगता आलं नाही.

संध्याकाळी धक्क्यावर वारा.
आमचे जुने लोक म्हणत, असं ओरडावं
की सारा इव्हानोव्स्काया चौक जागा होईल.
इथे चौक नाही. सीगल आहेत,
बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे.
सावेली सिगारेट पेटवायला बघतो, चारदा विझते.

सांगितलंस ना त्यांना, रोदिओन कसा ओरडला ते?
सांगितलं.
काय म्हणालीस? त्यांच्या भाषेत सांग.

मी सांगते.
तो ते शब्द तोंडात घोळवतो,
गरम बटाटा घोळवावा तसे,
आणि पाण्याकडे बघत, जेमतेम ऐकू येईल असं म्हणतो:
व्हेरी लाउडली.