न जेवणारा देव

रविवारी अकराला आमच्या टीव्हीवर यायचं ते जहाज
आणि दर आठवड्याला त्याला एक ग्रह सापडायचा
जिथं सगळं ठीक होतं.
पांढरे झगे. कारंजी. कुणाला सर्दीसुद्धा नाही.
रस्ते इतके सरळ, की बाबा म्हणायचे,
"आमच्या ऑफिसातलं ट्रेसिंग चोरलंय यांनी."

बाबा नकाशे काढायचे. सबनीस, ड्राफ्ट्समन,
बेलापूर, चौथा मजला, उत्तरेची खिडकी.
शून्य पॉइंट तीनचं पेन, आणि चुकलंच तर
शाई खरवडायला अर्धं ब्लेड.
नेरूळ तेव्हा निम्मं कागदावर होतं, निम्मं चिखलात.
आम्ही दोन्हीकडे राहायचो.

ग्रहावर शेवटी एक देव निघायचा.
ओठ न हलवता बोलायचा, डोळ्यांत निळे बल्ब:
मी तुम्हाला दुःखातून सोडवलं,
बदल्यात फक्त...
आणि इथं वॉशिंग पावडरची जाहिरात.

करावे गावातून दर्शना यायची बघायला,
बरोबर तिचा काका, हिरामण मढवी,
खुर्ची दिली तरी उंबऱ्यात बसणारा.
एकदा त्यानं विचारलं, "यो देव जेवतं का नाय?"
आम्ही पोरी फिदीफिदी.
"हसू नको गो. आमचे गावदेवीला कोंबरा लागतं.
नाय दिला तं रुसते. रुसली का समजतं, काय चुकलं.
याला कायच नको.
ज्याला कायच नको, त्यो उद्या सगलंच मागल."

बाबा हसले नव्हते.
बशीवर कप ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला कॅप्टनला कळायचं:
कारंज्याखाली खोली, खोलीत यंत्र,
यंत्रात कुणाकुणाची नावं, आठवणी, एखादं मूल.
तो यंत्र फोडायचा.
झगेवाले रडायचे, मग जन्मात पहिल्यांदा भांडायचे,
आणि जहाज निघून जायचं.
सोमवारी सकाळी त्या ग्रहावर पाणी कुणी सोडलं,
हे कुठल्याच भागात दाखवलं नाही.

आता मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, सेक्टर अठरा.
पाणी सोडणाऱ्याचा नंबर माझ्याकडे असतो.
पार्किंगवरून भांडणाऱ्यांना मी
ओठ हलवून समजावते.
फरक पडत नाही.

बाबा चौऱ्याऐंशीचे. चमचा सरळ रेषेत तोंडाशी येत नाही.
टॅबवर तीच मालिका लावून देते मी.
परवा देव नुकता प्रकट झालेला,
तोंड बंद, बोलणं चालू,
बाबांनी बोट ठेवून त्याला थांबवलं.
"हिरामणची विहीर होती."
कुठं?
"अठ्ठावीस मीटरच्या रस्त्यात येत होती.
सर्व्हेच्या शीटवर एवढंसं वर्तुळ.
मीच खरवडलं. कागद फाटू नये म्हणून हळू, फार हळू.
इतकं सफाईनं जमलं, की साहेब शाबास म्हणाले."

आमच्या गेटापासून चौथ्या खांबाजवळ
रस्ता दर वर्षी खचतो.
महापालिका भरते. पुन्हा खचतो.
कंत्राटदाराला मी तीन पत्रं लिहिली आहेत.

त्याला माहीत होतं? मी विचारलं.
बाबा बराच वेळ थांबलेल्या देवाकडे बघत राहिले.
"दर रविवारी यायचा.
मला वाटायचं, मालिका बघायला."

चैत्रात दर्शनानं जत्रेचं बोलावणं केलं.
हिरामणकाका जाऊन अकरा वर्षं झाली,
त्याच्या फोटोला ताजा हार, खाली कोंबड्याचा वाडगा.
चाकाची खुर्ची आत नेऊ लागले तर बाबा म्हणाले,
"इथंच. उंबऱ्याशी."
ताट आलं. तांदळाची भाकरी, रस्सा, लाल तर्री.
हात थरथरत होता. शर्टावर ओघळ आला,
कुठल्याच पट्टीनं न आखलेला.
नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, तिखटानं असेल.
दोनदा मागून घेतलं.