टेबलाची उंची

मी प्रयोगशाळेचा परिचर, उदगीरला.
पगारपत्रकात गुंडेराव व्यंकट मोरतळे,
अकरावी-बारावीची लेकरं मामा म्हणतात.

लाँचर मीच केलाय.
बोअरच्या पाइपचा हातभर तुकडा,
मोपेडच्या सीटखालची स्प्रिंग,
आणि नळेगाव रोडच्या खलील मिस्त्रीनं दिलेले
बेअरिंगचे छर्रे. बारा.
पैसे घेतले नाहीत त्यानं.
म्हणाला, उडवू द्या लेकरांना,
ट्रॅक्टर काय, उद्याबी बिघडंल.

पाइपाला कोनमापक चिकटवलंय,
त्याच्या मधोमध दोऱ्याला लोंबता नट, हाच ओळंबा.
या प्रयोगाला लाईट लागत नाही,
म्हणून भारनियमनाच्या दिवशी मॅडम हाच काढतात.
फक्त पंखा बंद पाहिजे.
तो बंदच असतो.

खाली फरशीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन.
कार्बन पेपर आता मिळत नाही सहज.
दुकानदार हसतो, कोण वापरतंय मामा?
मी म्हणतो, कुठं पडलं त्याची खूण ठेवायला
दुसरं काही निघालंय का?

टक्.
छर्रा निघतो तेव्हा पोरं श्वास धरतात,
पडतो तेव्हा सगळी एकदम वाकतात,
डोक्याला डोकं लागतं.

"शेंड्यावर गेल्यावर थांबतो का तो?"
सोनकांबळे मॅडम दरवर्षी विचारतात.
थांबतो! सगळा वर्ग.
"वर जाणं थांबतं. पुढं जाणं नाही."
बावीस वर्षं ऐकतोय हे, फडकं हातात घेऊन.
माझी बढती दोन हजार नऊपासून शेंड्यावर आहे.

यंदा मात्र घोटाळा झाला.
पुस्तकात छापलंय, तीस अंश आणि साठ अंश,
एक बुटका जातो, एक उंच,
पण पडतात एकाच जागी.
आमच्या फरशीवर दोन ठिपक्यांत
चांगलं दोन वितींचं अंतर.

महारुद्रनं वहीत सरळ दोन्हीकडे एकच आकडा लिहिला.
त्याचं बघून मागच्या बाकानंही.
शिवकांता बिरादार तेवढी फरशीवर बसून राहिली
टेप धरून.
"काय करूलालीस गं? लिही की पुस्तकातलं."
"पडला तर इथंच की," ती म्हणाली,
आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. बोट निळं झालं.

मॅडमनं तिची वही बघितली. मग टेबल बघितलं.
बराच वेळ टेबलच बघत होत्या.
"पुस्तकातला छर्रा," त्या म्हणाल्या,
"जिथनं निघतो त्याच पातळीवर पडतो.
आपला टेबलावरनं निघून फरशीवर.
कुठनं निघाला, ते आपण धरलंच नाही."

मी काही बोललो नाही.
स्टाफरूममधनं दुसरं टेबल ओढत आणलं,
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली,
ते लाँचरच्या तोंडाएवढं उंच होईना,
मग जुनी हजेरी रजिस्टरं रचली, सात,
कितीतरी नावं दबली खाली,
त्यावर फळी, कागद, कार्बन.

तीस. टक्.
साठ. शिवकांताच्या कपाळाच्याही वर गेला,
वर जरा रेंगाळल्यासारखा वाटला,
टक्.

कार्बन उचलला तिनंच.
एकशे आठ सेंटिमीटर. एकशे सात.
दोन ठिपके शेजारी शेजारी,
एका आईच्या दोन लेकरांनी
एकाच पांघरुणात निजावं तसे.
महारुद्र खोडरबर शोधायला लागला.

पाच वाजता मी टेबल परत पोचवलं,
रजिस्टरं कपाटात घातली,
कागद टाकून द्यायचा होता, नाही टाकला.
छर्रे मोजले. अकरा.
कपाटाखाली झाडू फिरवला, बाकाखाली, मोरीत.

साठ्याच्या वहीत लिहिलं: छर्रे बारा.
एक दिसत नाही सध्या,
पण पडला तर आहेच कुठंतरी.
हवेत नक्कीच नाही.