डावीकडचा पडदा

हीउमा बेटावरच्या वाचनालयात मागच्या खोलीत एकोणीस माणसं,
कोटांना अजून बाहेरची थंडी चिकटलेली.
भिंतीवर पहिली स्लाइड: बर्फ,
आणि बर्फावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणारा रस्ता.
हेल्दूर उभा. त्याची टिपणांची खिडकी काही दिसेना.

म्हणजे उघडते ती. खालच्या पट्टीवर चिन्ह उजळतं,
बाण नेला की चिमुकली छबीसुद्धा दिसते.
फक्त इथे नसते.

मी बंद करून पुन्हा चालू केलं.
केबल काढली, फुंकर मारली (का, कोण जाणे), परत खोचली.
तारमोने मागून तीन सल्ले दिले,
तिन्ही करून झालेले.

मग विचारलं, हेल्दूर, हे बनवलंस कुठे?
"हापसालूच्या ऑफिसात. तिथे डावीकडे आणखी एक पडदा होता."
ते ऑफिस बंद होऊन चार वर्षं झाली.
तिथे आता नखं रंगवून देतात.

लॅपटॉपला हे कुणी सांगितलेलं नाही.
तो दर वेळी इमानाने खिडकी उघडतो
त्याच टेबलावर, नसलेल्या काचेत.

हसू नये. धक्क्यापाशी आपलाही एक फलक आहेच:
वजन इतकं, वेग इतका, सीटबेल्ट सोडून ठेवा.
आणि फलकापुढे लाटा.
यंदाही समुद्र गोठला नाही,
फलक कुणी उतरवला नाही.

ऑल्ट आणि स्पेस. मग एम.
न दिसणारी वस्तू आता आपल्या हातात आहे असं धरून चालायचं
आणि उजवा बाण दाबत राहायचा.
दहादा. तीसदा. कुणीतरी खोकलं.
डाव्या कडेला आधी एक करडी रेघ,
मग अर्धं अक्षर,
मग अख्खी खिडकी, अंग चोरून आत आलेल्या उशीरकरासारखी.

टिपणांत व्याख्यान नव्हतंच.
एक: पाणी पी.
चार: जाडी सांग, चोवीस सेंटिमीटर. घाई नको.
नऊ: लेम्बितची गाडी. नाव घेऊ नकोस,
साल्मे समोर बसलेली असेल.

साल्मे समोरच बसली होती,
मांडीवर पर्स, पर्शीवर दोन्ही हात.
भिंतीवर यातलं काही नव्हतं. तिथे नुसता बर्फ.

"सापडली?" हेल्दूरने विचारलं.
सापडली, म्हटलं.
त्याने चष्मा पुसला, वाचलं,
लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला
आणि पाणी प्यायला.