जकार्डचे पत्ते

माळ्यावरून गठ्ठा काढला तेव्हा
आधी झुरळं उतरली, मग धूळ,
मग पत्ते.
कस्तुरी म्हणाली, आई, ह्यांना गोवर आलाय.

वडगावात आमच्या गल्लीत
आता तीनच माग वाजतात.
आमचा त्यात नाही.
तो गणपतीच्या आधी वजनावर गेला,
पत्ते तेवढे नको म्हणाला भंगारवाला,
पुठ्ठ्याला भाव नाही.

तर आकाशकंदील.
बारा पत्ते मोजून घ्यायचे.
दोरीनं ते एकमेकांना ओवलेलेच असतात,
आपण फक्त माळ गोल फिरवायची
आणि पहिल्याचा हात शेवटच्याच्या हातात द्यायचा.
वर मोडक्या चाळणीची कड,
खाली दुसऱ्या मोडक्या चाळणीची
(एकच मोडली असेल तर शेजारी विचारावं).

खळ घरचीच. मैदा, पाणी, मंद आच,
गुठळी होऊ द्यायची नाही.
ताण्याला लावायचो तिचीच ही बहीण, जरा दाट.
मल्लूनं बोट बुडवून चाखली,
"सप्पग ऐती," म्हणाला, मीठ पाहिजे.
नशीब, मोरचूद अजून पुडीतच होतं.
ते मोठ्यांनीच घालावं, आणि सगळ्यात शेवटी.

झिरमिळ्यांना कांड्यांवर उरलेलं सूत:
आंबा, डाळिंबी, आणि एक हिरवा
जो कुठल्याच साडीला कधी पुरला नाही.
शमानं गाठी मारल्या.
तिची अम्मी अजून कांड्या भरते,
पोरीची गाठ बघूनच कळतं,
ओढाल तेवढी घट्ट.

कस्तुरीनं विचारलं, भोकं कशाला गे एवढी?
म्हटलं, भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं बसून राहतो.
ती जरा वेळ पत्त्याकडं बघत राहिली.
"म्हणजे हजेरी की."
चौदा वर्षं विणलं मी,
मला हे सुचलं नव्हतं.

कंदील वाकडा झाला.
शमा म्हणाली पाण्याची टाकी,
मल्लू म्हणाला नाही, रॉकेट,
त्यावरून भांडण, त्यात एक झिरमिळी शहीद.
मग बल्ब सोडला आत
आणि भिंतीभर, छतभर, मल्लूच्या बनियनवर
बारीक बारीक उजेड सांडला.
भांडण राहिलं तिथंच.

इरप्पा पोराला न्यायला आला,
हातात दुधाची पिशवी.
खासबागेत हेच पत्ते पाडायचा तो,
चौकटीच्या कागदावर नक्षी वाचून,
एकेक भोक.
आधी म्हणाला, एकाशेजारी बारा कसा आला?
क्रम चुकला तुमचा.
मग चपला काढून आत आला,
कंदिलाभोवती फिरला,
सातव्या पत्त्यावर बोट ठेवलं त्यानं:
"इदु नंद तप्पु."
ही माझी चूक.

एक भोक जास्तीचं.
चाळीस साड्यांच्या काठात
एक धागा नको तिथं उठलेला.
मला ठाऊक होतं. विणताना तळव्याला लागायचा,
भाकरीतल्या खड्यासारखा.
बोलले नव्हते.
मजुरी कापली असती, त्याची का आमची
हे मालकानं बघितलं नसतं.
त्यालाही ठाऊक असेल मला ठाऊक असल्याचं.
आम्ही दोघं भिंतीकडं बघत राहिलो.

पोरांना मात्र तेच भोक हवं.
कुठलं, कुठलं, म्हणत तिघांची डोकी आपटली.
मल्लूनं त्याला डोळा लावला
आणि बराच वेळ काढलाच नाही.

उरलेले पत्ते होतेच.
खाली पाट ठेवला, दाभण दिली,
एकानं धरायचं नाही, एकानंच टोचायचं,
बोटं लांब.
आणि सांगितलं, पाडा आता कुठंही,
ह्यांना काही विणायचं नाही.

इरप्पा उंबऱ्यात उभा होता,
दूध गळत होतं पिशवीतून.
"नंबर बघून पाडा रे," म्हणाला,
सवयीनं.
कुणी ऐकलं नाही.