कड

चौतीस वर्षं भुसावळच्या वर्कशॉपात
मी लोखंड कातलं.
लोखंडाला उलटं-सुलटं नसतं,
कुठूनही शिरा, ते सारखंच किरकिरतं,
निळ्या वेलांट्या सोडतं
आणि मायक्रोमीटर म्हणेल तिथे थांबतं.

आता अमळनेर. बोरीच्या अंगाला पत्र्याचं शेड,
पिठाच्या गिरणीतून सुटलेली मोटर,
आणि फेसप्लेटवर काटेसावरीचा अर्धा ओंडका,
रस्तारुंदीत पडलेल्या झाडाचा,
जेसीबीवाल्याला दोन चहा पाजून आणलेला.

साल काढायची नाही, असं ठरवलं.
कड झाडाचीच राहू दे:
दोन बाजूंना चढ, दोन बाजूंना खिंड,
आणि वर काटे, सुपारीच्या खांडाएवढे.
जन्मभर गोलाईची कड घेतली,
एकदा सालीची घेऊन पाहू.

मोटर लावली की कड नाहीशी होते.
उरतो करडा धूर.
त्याच्या पलीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा वाचता येते.
त्या धुरात बोट घालू नये.
पटाशी घालावी. टक. टक. टक.
लाकूड, हवा, लाकूड, हवा,
हाताला कळेना नेमकं कशावर टेकायचं.
एक काटा सुटला, चष्म्यावर टण्णकन आदळला.
बाकीच्यांच्या बुडाशी मग फेविक्विक सोडलं.

सावर मऊ. मऊ म्हणून सोपी वाटली.
पण मऊ लाकूड कापून घेत नाही.
एका फेऱ्यात दोनदा त्याचे तंतू उभे समोर येतात,
धार जराशी उतरलेली असली
की मुळासकट उपटून निघतात,
करपलेली भाकरी तव्यावरून ओढावी तसे.
मोटर बंद करून पाहिलं तर आत समोरासमोर दोन चट्टे,
मांजराच्या जिभेसारखे.

सुपडू कातारी आला, काठी टेकत.
निम्म्या तालुक्याची लाटणी, पाळण्यांचे खूर त्याच्या हातचे.
डोळ्यांत आता साय धरलीय.
कटोऱ्याकडे बघितलंच नाही त्यानं,
पटाशीची धार नखावर टेकवली,
आणि जमिनीवर थुंकला.
मग म्हणाला, धार लाव.
लावली. म्हणाला, परत लाव.
बाहेरून बुडाकडून कडेला ये,
आतून कडेकडून बुडाला जा,
आणि ज्वारीची पेज पाज त्याला, रात्रभर वाळू दे,
तंतू खळ दिलेल्या धोतरासारखे ताठ होतात.

शेवंतानं पेज करून दिली,
वर विचारलं, आजारी कोण आहे?

दुसऱ्या दिवशी कीस निघाला तो सायीसारखा,
पातळ, न तुटता, मनगटावर गार.
एक चट्टा गेला.
दुसराही जवळजवळ गेला,
पण अकराला लाइट जाणार होती
आणि मला संपवायचं होतं.
शेवटचा हात जरा जड पडला, एवढंच.
नंतर पॉलिशपेपर घासून घासून भिंत इतकी पातळ झाली
की उन्हात धरली तर बोटं लालसर दिसत.
म्हणून थांबलो.

सुपडूच्या मांडीवर कटोरा ठेवला.
त्यानं अंगठा आतून फिरवला, हळूहळू,
काट्यांवरून दोनदा, हसत,
बुडातून वर, परत खाली,
आणि एका जागी थांबला.
"आठे घाई व्हयनी."
बाकी काही बोलला नाही. चहा घेतला, दोन बश्या.

महिना झाला. लाकूड वाळतंय,
कटोरा रोज थोडा लांबट होतोय, एका बाजूला कललाय.
सवयीनं मायक्रोमीटर काढला,
डबीत परत ठेवला.
शेवंता म्हणाली, काट्यांच्या काठवटीत पीठ कोण मळेल?
तिनं त्यात बोंबील ठेवलेत,
मांजर नाक लावतं आणि मागे सरकतं.
मी अंधारात हात घालतो
तेव्हा अंगठा त्याच जागी अडतो.