पाठचा

सोहार बंदराच्या रस्त्यावर आमची कंपनी.
फाटकाला अंगठा लावावा लागतो.
माझा लागला की फाटक लगेच उघडायचं.
हरीदादाचा कधीच लागला नाही.
बावीस वर्षं ग्राइंडर धरून
त्याच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेल्यात.
त्याच्यासाठी चौकीतला बलुची पहारेकरी
एक जाड वही ठेवतो.
दादा तिच्यात मराठीत सही करतो,
ह. रा. खोपटकर,
शेवटच्या र ला जरा जास्तच शेपूट.

मी वरच्या माळ्यावर, एसीत.
बिलं तपासायची, हजेरी जुळवायची, ओव्हरटाइम काढायचा.
दादाचाही मीच काढायचो.
एकदाही त्याला अर्धा तास जास्त लावला नाही
याचा मला अभिमान होता.

म्हसळ्याला दादाचा ड्राफ्ट आला
की बाबा म्हणायचे, एकाने हात भाजून घेतले, बास झालं.
पाठच्याने पेन धरावं.
पाठच्याने एम. कॉम. केलं.
पदवी इथे चालावी म्हणून तिच्या पाठीवर
विद्यापीठाचा शिक्का, मंत्रालयाचा, दिल्लीचा, वकिलातीचा.
पुढून माझं नाव.
मागे बोट ठेवायला जागा नाही.

जानेवारीत नवं सॉफ्टवेअर आलं.
मीच शिकवलं त्याला:
कोणता कंत्राटदार एकच बिल दोनदा लावतो,
रमजानातले तास कसे मोजायचे.
गुणी विद्यार्थी.
एकदा सांगितलं की पुरे.

मेच्या शेवटच्या गुरुवारी
फाटकाने माझा अंगठा ओळखला नाही.
पुसून लावला, फुंकर मारून लावला.
पहारेकऱ्याने काही न बोलता
वही पुढे केली.
दादाच्या सहीखाली मी सही केली.

शॉपमध्ये गेलो. म्हटलं, तुझं बरं आहे,
तुझा हात कोण नेणार?
दादाने हनुवटीने दाखवलं.
पाइपाला कडं घातल्यासारखं एक यंत्र
आपलं आपण फिरत होतं, जोडत होतं.
सरळ जोड सगळे तिकडे गेले, म्हणाला.
चौदा होतो आम्ही. आता पाच.

मग तुम्हाला काय उरलं?

भिंतीजवळचं.

पाइप आणि भिंत यांच्यात वीतभर फट.
हात जातो, डोळा जात नाही.
तिथे त्याने तारेने बांधला
दाढीचा गोल आरसा.
यात सगळं उलटं दिसतं, म्हणाला,
डावीकडे न्यायचं तर हात उजवीकडे जायला बघतो.
चार वर्षं चुकत होतो.
हे कुठल्या पुस्तकात आहे का, ठाऊक नाही.

तार सैल होती.
जरा धर, म्हणाला, आणि एक जुना मुखवटा दिला.
काळ्या काचेतून मला दिसली पाइपाची पाठ,
तिच्यावर सरकणारा हरभऱ्याएवढा सूर्य,
आणि त्याच्यामागे उमटत जाणारी
जिताड्याच्या खवल्यांसारखी ओळ.

सूर्य विझला. मुखवट्याआडून दादा म्हणाला,
आपल्या निहालचा निकाल लागला. बहात्तर टक्के.
वहिनी फोनवर विचारत होती,
कॉलेज की आयटीआय?
तू शिकलेला. तूच सांग.

आरशात त्याचा अर्धा मुखवटा,
माझा अर्धा,
आणि अजून लाल असलेला जोड.

म्हटलं, दादा, एवढं पुरं कर आधी.

मग हलवू नको, म्हणाला.

मी आरसा धरून होतो.